टॅपेट वाजतोय की बेअरिंग?

इंजिनातून टिकटिक येऊ लागली की गाडीवाल्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "किती खर्च येईल?" जाणता मिस्त्री त्याचं उत्तर लगेच देत नाही. तो उलट विचारतो, "सकाळी पहिल्यांदा चालू केल्यावर येतो आवाज, की गाडी तापल्यावर? रेस दिली की वाढतो का? ऑइल कधी बदललंय?" या तीन प्रश्नांची उत्तरं नीट मिळाली, तर बॉनेट उघडायच्या आधीच निम्मं निदान झालेलं असतं.

टिकटिक या एकाच तक्रारीखाली फार वेगवेगळ्या किमतीचे बिघाड येतात. ऑइल कमी पडलेलं असतं, एखादा प्लग सैल असतो, मॅनिफोल्डचं गॅसकेट गळत असतं, टॅपेटची फट वाढलेली असते, नाहीतर कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग गेलेलं असतं. पहिल्या बिघाडाला ऑइलचा एक डबा पुरतो, शेवटच्याला अख्खं इंजिन खाली उतरवावं लागतं. काही वेळा तर काहीच बिघडलेलं नसतं. त्या इंजिनाचा आवाजच तसा असतो. त्यामुळे आवाज बंद कसा करायचा हा प्रश्न दुसरा. तो कशाचा आहे, हा पहिला. आणि या दोन प्रश्नांची उलटापालट झाली की काय होतं, हे जाड ऑइल ओतून गप्प केलेल्या आणि चार महिन्यांनी बोअरला गेलेल्या इंजिनांकडे पाहून कळतं.

निदानाचं सगळ्यात भरवशाचं हत्यार म्हणजे साधं गणित. चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमशाफ्टचा एक होतो. गाडी उभी असताना, आयडलिंगला, क्रँक मिनिटाला साधारण ८०० फेरे घेतो. म्हणजे कॅमचे ४००. एखादाच व्हॉल्व्ह वाजत असेल तर आवाज मिनिटाला ४०० वेळा येणार, सेकंदाला सहा-सात वेळा. आवाज खालून, क्रँक किंवा कनेक्टिंग रॉडकडून येत असेल तर तो त्याच्या दुप्पट वेगाने येणार. जुने मिस्त्री हा फरक कानाने ओळखतात : टिकटिक इंजिनाच्या फेऱ्यांच्या मागे पडल्यासारखी वाटली तर हेडमध्ये बघायचं, फेऱ्यांबरोबर पळत असेल तर चेंबरकडे, म्हणजे क्रँकखालच्या ऑइलच्या डब्याकडे, लक्ष द्यायचं.

ज्याचा कान तयार नाही त्याच्याकडे आता मोबाइल आहे. बॉनेट उघडून दहा सेकंद आवाज रेकॉर्ड करायचा आणि आवाजाचा आलेख दाखवणाऱ्या कुठल्याही अ‍ॅपमध्ये तो ताणून बघायचा. ८०० फेऱ्यांवर दोन ठळक शिखरांमधलं अंतर ०.१५ सेकंद दिसलं तर आवाज कॅमच्या गतीचा, ०.०७५ सेकंद दिसलं तर क्रँकच्या गतीचा. यात एक फसवी जागा आहे. दोन वेगवेगळ्या सिलिंडरचे दोन टॅपेट वाजत असतील तर त्यांची बेरीजही मिनिटाला ८०० भरू शकते आणि साधं टॅपेटचं काम बेअरिंगसारखं भासू शकतं. अशा वेळी शिखरांची उंची आणि त्यांच्यातली अंतरं पाहावीत. दोन निरनिराळ्या व्हॉल्व्हचे ठोके सहसा एकसारखे येत नाहीत.

तिसरीही एक शक्यता असते : आवाजाचा इंजिनाच्या फेऱ्यांशी काही संबंधच नसतो. रेस वाढवली तरी टिकटिक आपल्याच चालीने चालू राहते. असं असेल तर टॅपेट आणि बेअरिंग दोन्ही निर्दोष, आणि शोध बाहेरच्या वस्तूंकडे वळवायचा.

आता टॅपेट. गॅरेजमध्ये "टॅपेट वाजतात" हे वाक्य इतक्या सहज उच्चारलं जातं की नेमकं काय वाजतं याचा विचार होत नाही. व्हॉल्व्ह उघडण्याचं काम कॅमचा उंचवटा करतो, आणि कॅम ते व्हॉल्व्ह या साखळीत कुठेतरी मुद्दाम एक बारीक फट ठेवलेली असते. थंड इंजिनात ही फट बऱ्याच गाड्यांमध्ये ०.१५ ते ०.३० मिलिमीटरच्या दरम्यान असते. ती का, हे उष्णतेच्या हिशेबाने स्पष्ट होतं. पोलाद दर अंशाला आपल्या लांबीच्या एक लाखांश भागापेक्षा किंचित जास्त वाढतं. शंभर मिलिमीटर लांबीचा व्हॉल्व्ह सरासरी तीनशे अंशांनी तापला तर तो जवळपास ०.३५ मिलिमीटरने लांबतो. हेडही तापतं, तेही फुगतं, त्यामुळे यातला काही भाग भरून निघतो. पण फट शून्य ठेवली तर तापलेला व्हॉल्व्ह पुरता बंदच होणार नाही.

मग फट असूनही चांगलं इंजिन शांत कसं? त्याचं उत्तर कॅमच्या आकारात आहे. उंचवटा सुरू होण्याआधी कॅमवर एक मंद चढ घडवलेला असतो. फट मिटते ती या चढावर, हळूच. फट ठरलेल्यापेक्षा वाढली की मंद चढ तसाच निघून जातो आणि रॉकर, म्हणजे कॅमची हालचाल व्हॉल्व्हपर्यंत नेणारी तरफ, तीव्र चढावर, जास्त वेगाने आदळते. बंद होतानाही तसंच : व्हॉल्व्ह हळूच टेकायच्या ऐवजी सीटवर आपटतो. कानावर येते ती या आपटण्याची टिकटिक. आवाज बारीक असूनही एवढा टोचतो, कारण लहान आणि कडक भागांच्या टकरीतून उंच पट्टीचा आवाज निघतो, आणि माणसाचा कान सेकंदाला दोन ते पाच हजार कंपनांच्या पट्ट्यात सगळ्यात तिखट असतो.

महाराष्ट्रात गाडी चालवणाऱ्या जुन्या पिढीला टॅपेट सेटिंग हा शब्द पाठ झाला तो तीन गाड्यांमुळे. वालचंद हिराचंद यांनी उभ्या केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणारी फियाट, म्हणजे पुढची पद्मिनी; उत्तरपाड्याची अँबेसेडर; आणि डिसेंबर १९८३ मध्ये आलेली मारुती ८००. पद्मिनी आणि जुनी अँबेसेडर या पुशरॉडच्या गाड्या. कॅम खाली ब्लॉकमध्ये, व्हॉल्व्ह वर हेडमध्ये, आणि मध्ये लांब दांड्या. साखळी जितकी लांब तितकी झीज होण्याच्या जागा जास्त. मुंबईच्या काळ्यापिवळ्या पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेल्या, तोवर त्यांच्या टॅपेटची टिकटिक शहराच्या आवाजाचाच भाग होऊन गेली होती.

अँबेसेडरच्या १४८९ सीसी इंजिनावर, म्हणजे ब्रिटिश बीएमसीच्या बी-सिरीजवर, हात चालवलेल्या मिस्त्रींकडे नऊची एक युक्ती होती, आणि ती फार देखणी आहे. इंजिनात आठ व्हॉल्व्ह. आठवा पूर्ण उघडा असेल तेव्हा पहिल्याची फट लावायची. सातवा उघडा असेल तेव्हा दुसऱ्याची. सहावा असेल तेव्हा तिसऱ्याची. बेरीज कायम नऊ. चार सिलिंडरांची मांडणी आरशातल्यासारखी समोरासमोर असल्यामुळे एका टोकाचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असताना दुसऱ्या टोकाचा कॅमच्या पाठीवर, म्हणजे पूर्ण मोकळा असतो. टायमिंगची खूण शोधत बसायची गरज उरत नाही.

मारुती ८०० च्या मूळ ७९६ सीसी इंजिनात तीन सिलिंडर, सहा व्हॉल्व्ह आणि कॅम वर हेडमध्येच. त्यावरचं टॅपेट सेटिंग जवळून पाहण्यासारखं आहे. इंजिन पुरतं थंड हवं; सकाळी पहिलं काम हेच घ्यायचं. टॅपेट कव्हर निघतं तेव्हा वरच्या रॉकरांवर ऑइलचा पातळ, तपकिरी थर दिसायला हवा. काळा गाळ दिसला तर आवाजाचं निम्मं कारण तिथेच सापडलं. क्रँकच्या पुलीच्या बोल्टला पाना लावून पहिला पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाला आणायचा. त्या सिलिंडरचे दोन्ही रॉकर बोटाने हलवून बघायचे, किंचित खुळखुळले पाहिजेत. मग फिलर गेजची योग्य पात पुसून, ऑइलचं बोट लावून, स्क्रू आणि व्हॉल्व्हच्या टोकामध्ये सरकवायची. पात मोकळी पळाली तर फट जास्त. अडकून बसली तर कमी. जाड पुस्तकाखालून कागद ओढताना हाताला जेवढा अडथळा लागतो, तेवढाच इथे लागायला हवा. स्क्रू धरून ठेवायचा, चेकनट आवळायचा, आणि पात पुन्हा घालून बघायची. हे पुन्हा बघणं घाईत राहून जातं आणि तिथेच काम बिघडतं, कारण नट आवळताना स्क्रूही थोडा फिरतो आणि फट कमी होते. पुढच्या सिलिंडरसाठी क्रँक २४० अंश फिरवायचा.

इतकं करूनही आवाज राहिला तर? मग, विशेषतः पुशरॉडच्या गाड्यांत, रॉकरची व्हॉल्व्हवर टेकणारी टाच पाहावी. वर्षानुवर्षं घासून तिथे वाटीसारखा खोलगट भाग तयार झालेला असतो. फिलर गेजची पात सरळ असते; ती खळग्याच्या दोन काठांवर टेकते आणि खळगा मोजलाच जात नाही. गेज म्हणते ०.१५, खरी फट असते त्याहून मोठी. "मागच्याच आठवड्यात टॅपेट लावले, तरी वाजतात" या तक्रारीचं हे एक अगदी खरं कारण आहे. असा रॉकर बदलावाच लागतो. पात दाबून दाबून फट कमी करणं हा त्यावरचा उपाय नाही.

फट कमी करून टॅपेट गप्प करण्याचा मोह गाडीला किती महाग पडतो, ते एक्झॉस्टच्या व्हॉल्व्हकडे पाहिलं की कळतं. हा व्हॉल्व्ह सातशे-आठशे अंशांपर्यंत तापतो, आणि त्याच्या उष्णतेतला बहुतांश भाग सीटवाटे हेडमध्ये उतरतो. व्हॉल्व्ह सीटला चिकटून बसलेला असतो तेवढ्या वेळातच. फट नसेल तर व्हॉल्व्ह नीट बसत नाही, उष्णता उतरत नाही, धगधगता वायू त्या बारीक चिरेतून सुटत राहतो आणि व्हॉल्व्हची कड जळून जाते. त्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन जातं, गाडी मिसिंग करू लागते. हे सगळं होताना टिकटिक अजिबात येत नाही.

म्हणून सीएनजीवर चालणाऱ्या गाड्यांच्या बाबतीत शांततेवर विश्वास ठेवू नये. गॅस कोरडा जळतो. सीटवर पेट्रोलसारखा पातळ थर राहत नाही आणि तापमानही चढं राहतं. एक्झॉस्टची सीट हळूहळू झिजते, व्हॉल्व्ह हेडमध्ये वर चढत जातो आणि टॅपेटची फट दर हजार किलोमीटरमागे थोडी थोडी मिटत जाते. आवाज वाढायच्या ऐवजी इंजिन अधिक गोड वाटू लागतं. मुंबई-पुण्यातल्या सीएनजी टॅक्सी आणि रिक्षांच्या मालकांनी टॅपेटची फट आवाजावरून नव्हे, किलोमीटरवरून तपासावी. हल्लीच्या बऱ्याच इंजिनांत फट लावायला स्क्रूच नसतो. कॅमखाली ठरावीक जाडीच्या वाट्या असतात आणि फट बदलायची तर कॅम काढून वेगळ्या जाडीची वाटी घालावी लागते. काम मोठं म्हणून ते टाळलं जातं. होंडा सिटीच्या बऱ्याच वर्षांच्या मॉडेलांत मात्र स्क्रू आणि चेकनटची जुनी सोय होती, आणि तिथे हे काम टाळायला काही कारण नाही.

फटच नको, या विचारातून हायड्रॉलिक टॅपेट आले. १९३० मध्ये अमेरिकेतल्या कॅडिलॅकच्या सोळा सिलिंडरच्या गाडीत ते बसवले गेले. ज्या गाडीचं इंजिन चालू आहे की बंद हे मालकाला कळू नये अशी अपेक्षा होती, तिला टॅपेटची टिकटिक परवडणारी नव्हती. या टॅपेटच्या पोटात एक बारीक प्लंजर, त्याखाली स्प्रिंग आणि एक इवलीशी गोळी असते. इंजिनाच्या दाबाने ऑइल आत शिरतं, गोळी ते परत जाऊ देत नाही, आणि ऑइलच्या त्या कोंडलेल्या थेंबावर टॅपेट स्वतःची लांबी आपोआप वाढवून फट भरून काढतो. भारतात ही रचना घरोघरी पोचवणारं इंजिन म्हणजे फियाटचं १२४८ सीसी मल्टिजेट डिझेल. पुण्याजवळ रांजणगावला ते तयार होत असे आणि फियाटबरोबर टाटाच्याही गाड्यांत बसत असे. मारुतीने तेच स्विफ्ट-डिझायरमध्ये वापरलं. त्यात टॅपेट सेटिंग नावाचं कामच नाही.

पण तिथे टिकटिक आली तर बोट थेट ऑइलकडे जातं. गाडी रात्रभर किंवा आठवडाभर उभी राहिली की ज्या व्हॉल्व्हवर कॅमचा दाब होता त्या टॅपेटमधलं ऑइल झिरपून गेलेलं असतं. सकाळी चालू केल्यावर दोन-चार सेकंद टिकटिक आली आणि थांबली, तर काळजीचं कारण नाही. मिनिटभर चालली, तर ऑइल फिल्टर पाहावा. चांगल्या फिल्टरमध्ये ऑइल परत खाली वाहून जाऊ नये म्हणून रबराचा पडदा असतो, आणि स्वस्त, नकली फिल्टरमध्ये तोच कामचुकार निघतो. इंजिन तापल्यावर टिकटिक सुरू होत असेल तर गोष्ट गंभीर : गरम, पातळ झालेलं ऑइल दाब धरत नाहीये.

ऑइलचा विषय इथे जरा थांबून बघण्याजोगा आहे, कारण इंजिनाचं सगळं काम त्यावर अवलंबून असूनही त्याच्याकडे सगळ्यात कमी पाहिलं जातं. मीटरवरचा लाल ऑइलचा दिवा पेटला नाही म्हणजे सगळं ठीक, अशी समजूत घट्ट बसली आहे. तो दिवा बहुतेक गाड्यांत दाब अर्ध्या बारच्या आसपास किंवा त्याहूनही खाली आल्यावर पेटतो. चालत्या गाडीत टॅपेट, चेनचा टेन्शनर आणि बेअरिंग यांना दोन-तीन बार दाब लागतो. म्हणजे दाब निम्म्यावर आला, टॅपेट ओरडू लागले, तरी दिवा गप्प. दिवा पातळीही दाखवत नाही. पातळी दाखवते डिपस्टिक : गाडी सपाटीवर, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं झालेली, डिपस्टिक एकदा पुसून पुन्हा घातलेली. ऑइल दोन खुणांच्या मध्ये हवं. खालच्या खुणेखाली गेलं असेल तर पुढचं सगळं निदान बाजूला ठेवून आधी ते भरावं. वरच्या खुणेपेक्षा जास्त ओतणंही वाईट; क्रँक ऑइल घुसळतो, फेस होतो, आणि फेस भरलेला हायड्रॉलिक टॅपेट हवा दाबत बसतो आणि वाजतो.

ग्रेड हा पुढचा मुद्दा. पद्मिनी आणि अँबेसेडरच्या काळात २०डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५० असं जाड ऑइल चालायचं, कारण त्या इंजिनांच्या फटीही तशा होत्या. आजच्या कित्येक पेट्रोल गाड्यांना ०डब्ल्यू-२० किंवा ५डब्ल्यू-३० सांगितलेलं असतं. टिकटिक आली की "जरा जाड ऑइल टाकू" हा सल्ला जुन्या काळातून चालत आलेला आहे. जाड थराने आवाज दबतो हे खरं. पण बारीक मार्गांतून ते थंडीत उशिरा वर चढतं, आणि सकाळच्या पहिल्या काही सेकंदांत, जेव्हा झीज सर्वाधिक होते, हेड कोरडं राहतं. मॅन्युअलमध्ये लिहिलेला ग्रेडच भरावा. ऑइल जुनं असेल तर ते आणि फिल्टर बदलून काही शे किलोमीटर गाडी चालवून बघावी. चिकट झालेले हायड्रॉलिक टॅपेट कित्येकदा तेवढ्यानेच सुटतात. फ्लशिंगचं औषध मात्र गाळ साचलेल्या इंजिनात जपून. एकदम सुटलेला गाळ खाली जाऊन ऑइल पंपाच्या जाळीवर बसला, तर टिकटिकीच्या जागी बेअरिंग जातं.

काही टिकटिकी निरोगी असतात, आणि त्यांच्यावर पैसे खर्च होताना पाहून वाईट वाटतं. पेट्रोलचा प्रत्येक इंजेक्टर हा विजेने उघडझाप करणारा बारीक व्हॉल्व्ह असतो. त्याचं उघडणं आणि मिटणं दोन्ही ऐकू येतं. थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या इंजिनांत हे जास्त जाणवतं. चाकणला तयार होणाऱ्या फोक्सवॅगन आणि स्कोडाच्या टीएसआय गाड्या याच जातीच्या. जुन्या पद्धतीच्या इंजेक्शनला तीन-चार बार दाब पुरतो. इथे तो दोनशे बारच्या घरात असतो, आणि तो तयार करणारा पंप कॅमवरच्या उंचवट्याने चालतो. त्या पंपाची टकटक ही त्याच्या कामाची टकटक. पहिल्यांदाच अशी गाडी घेणाऱ्याला ती टॅपेटची वाटते. शोरूममधल्या तशाच दुसऱ्या गाडीचं बॉनेट उघडून ऐकणं हा इथला सर्वोत्तम उपाय.

इंजिनाच्या फेऱ्यांशी न जुळणारी, सुटी टिकटिक बहुतेकदा पर्ज व्हॉल्व्हची निघते. पेट्रोलच्या टाकीतली, कोळशाच्या डब्यात साठलेली वाफ इंजिनाला पाजायचं काम तो करतो. इंजिन तापल्यावर तो सुरू होतो. त्याच्यावर बोट ठेवलं की ठोके बोटाला लागतात.

गरम वायूची गळतीही हुबेहूब टॅपेटसारखी वाजते. मॅनिफोल्ड आणि हेड यांच्या मधलं गॅसकेट फाटलं, की प्रत्येक एक्झॉस्ट स्ट्रोकला वायूचा एक झोत चिरेतून सुटतो आणि तो "टक" म्हणतो. ओळखायची खूण वेळेची : सकाळी मोठ्याने, इंजिन तापलं की कमी, कारण धातू फुगून चीर मिटते. चढावर, जोर लागताना पुन्हा वाढतो. गळतीच्या जागी काजळीचा काळा ओघळ दिसतो. अमेरिकेत राम पिकअपच्या ५.७ लिटर हेमी इंजिनाची टिकटिक इतकी गाजली की तिला 'हेमी टिक' हे नावच पडलं. त्या एका नावाखाली दोन अगदी वेगळे बिघाड सापडतात. एकात बिडाचा मॅनिफोल्ड आणि अ‍ॅल्युमिनियमचं हेड निरनिराळ्या प्रमाणात फुगल्याने टोकाचे बोल्ट तुटलेले असतात. आवाज वायूचा, काम बोल्ट काढण्याचं. दुसऱ्यात टॅपेटच्या टोकाचा रोलर जाम होऊन कॅमचा उंचवटाच खाल्ला जात असतो, आणि तिथे गाडी चालवत राहणं म्हणजे लोखंडाचा भुगा ऑइलमध्ये मिसळत राहणं. तापल्यावर जाणारी टिकटिक आणि तापल्यावरही राहणारी टिकटिक, एवढ्या एका निरीक्षणाने दोघांची पहिली फोड होते. स्पार्क प्लग सैल असला तरी असाच फुसका, चुकचुकता ठोका येतो. त्याला प्लगचा पाना पुरतो.

जागा शोधायला मिस्त्री लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानामागच्या हाडाला लावतात. १८१६ मध्ये पॅरिसमध्ये रेने लाएनेक यांनी कागदाची सुरळी रुग्णाच्या छातीला लावून स्टेथोस्कोपची सुरुवात केली, आणि पुढे ती लाकडी नळी झाली. गॅरेजमध्ये लाकडी दांडी आजही उत्तम चालते. धातूचं टोक असलेला मिस्त्रींचा स्टेथोस्कोप फार महागही नसतो. पण एक सावधगिरी हवी. लोखंडातून आवाज हवेपेक्षा कितीतरी पट वेगाने आणि सगळीकडे पसरतो, त्यामुळे ब्लॉकवर तो जवळपास कुठेही ऐकू येतो. दोन जागा एकामागोमाग ऐकून तुलना करायची : पहिल्या व्हॉल्व्हवर, मग दुसऱ्यावर, कव्हरवर, मग चेंबरवर. वायूच्या गळतीला दांडी उपयोगी नाही. तिथे रबराच्या नळीचं एक टोक कानाजवळ धरून दुसरं सांध्यांवरून फिरवावं. आणि हे करताना ओढणी, साखळी, सैल बाह्या दूर. रेडिएटरचा विजेवरचा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक फिरू लागतो. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून तर कधीच ऐकत बसू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

बेल्टही वाजतो. त्याच्या खाचेचा तुकडा उडाला असला की पुलीवरून जाताना दर फेरीला एक ठोका येतो. बेल्ट उतरवून इंजिन अर्धा मिनिट चालवलं आणि आवाज गेला, तर अल्टरनेटर, त्याची पुली, बेल्ट यांतलंच काही आहे. अर्धा मिनिटच, कारण काही गाड्यांत पाण्याचा पंपही त्याच बेल्टवर असतो.

उरला तो खरा धोका : रॉडचं बेअरिंग. त्याचा आवाज टिकटिकीपेक्षा जाड, खोल, ठक-ठक असा, खालून येणारा, क्रँकच्या गतीने. रेस दोन-अडीच हजारांवर नेऊन सोडली की उतरताना तो स्पष्ट खडखडतो. गरम इंजिनात वाढतो. नक्की करायला एकेक सिलिंडर बंद करून बघतात. त्या सिलिंडरवर स्फोटाचा दाब येईनासा झाला की त्याच्या बेअरिंगचा ठोका मंदावतो. टॅपेटचा आवाज जसाच्या तसा राहतो. पेट्रोल गाडीत त्या सिलिंडरच्या इंजेक्टरचा प्लग काढावा, कॉइलचा नाही, म्हणजे न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जात नाही. कॉमन रेल डिझेलमध्ये इंजेक्टरचा पाइप सैल करण्याची जुनी पद्धत कोणीही वापरू नये. हजार-दीड हजार बारचा डिझेलचा झोत कातडी भेदून आत शिरतो. तिथे स्कॅनरवरूनच इंजेक्टर बंद करतात. सगळे सिलिंडर बंद करून पाहिले तरी ठोका बदलत नसेल, आणि गाडी ऑटोमॅटिक असेल, तर इंजिन उतरवण्याआधी फ्लेक्सप्लेट आणि टॉर्क कन्व्हर्टरचे बोल्ट तपासावेत. सैल बोल्टचा आवाज बेअरिंगसारखाच खोल असतो.

ठोका एखाद्या सिलिंडरला मंदावला, तर गाडी चालवत गॅरेजला नेऊ नये. टो करून न्यावी. बेअरिंग संपलं की रॉड क्रँकवर थेट आपटतो, आणि पुढची पायरी म्हणजे रॉड तुटून ब्लॉकला भोक पडणं. चेंबर खोलण्याआधी मिस्त्रीने एक तपासणी मालकासमोर करावी, मालकानेही ती मागावी : ऑइल पांढऱ्या, स्वच्छ भांड्यात काढायचं, फिल्टर करवतीऐवजी कटरने कापायचा, म्हणजे नवे कण पडत नाहीत, आणि आतला कागद उलगडून उन्हात धरायचा. चमकणारे कण दिसले तर लोहचुंबक फिरवायचा. चिकटले तर कॅम, रॉकर किंवा चेनचं पोलाद झिजतंय. न चिकटणारे तांबूस किंवा करडे, चकचकीत पापुद्रे असतील तर ते बहुधा बेअरिंगच्या शेलचे, आणि मग चेंबर उतरवून रॉडच्या कॅप उघडण्याला पर्याय नाही. कागद नुसता काळा, कणांशिवाय निघाला, तर नवं ऑइल आणि चांगला फिल्टर घालून, टॅपेट पुन्हा मोजून मगच पुढचा पाना हातात घ्यावा.